फॉरेन्सिक पेटीची झडती : निरीक्षण शिकवायला ती किती कामाची?

पोलिसांच्या पंचनाम्यात सोन्याची अंगठी सापडत नाही. सापडते ती ‘पिवळ्या धातूची अंगठी’. चाकूवर रक्त नसतं, ‘रक्तासारखे दिसणारे तांबूस डाग’ असतात. सोनं की पितळ हे सराफ सांगेल, रक्त की आणखी काही हे सांताक्रूझला कलिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा सांगेल. पंचांनी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच कागदावर उतरवायचं. आठवी ते दहावीच्या मुलांना फॉरेन्सिकच्या तासाला निरीक्षण शिकवायचं म्हणजे बव्हंशी ही एकच खोड लावायची. शाळांना विकल्या जाणाऱ्या तयार फॉरेन्सिक पेटीतलं पहिलंच कार्ड मात्र म्हणतं : ‘रक्ताचा डाग शोधा.’ शोधायच्या आधीच उत्तर सांगून मोकळं.

पेटीचं नाव इथे देत नाही. दोन-अडीच हजारांच्या घरातल्या, शाळांच्या विज्ञान मंडळांना आणि सुट्टीच्या शिबिरांना विकल्या जाणाऱ्या या जातीच्या पेट्या आतून एकमेकींच्या बहिणी असतात. हिच्यात आहे ते असं : दोन प्लास्टिकची भिंगं, काळी पावडर आणि ब्रश, जांभळ्या प्रकाशाची बॅटरी, प्लास्टर ऑफ पॅरिसची पुडी, दृष्टिभ्रमाची बारा कार्डं, ‘बघा आणि आठवा’ची चोवीस चित्रं, चेहऱ्याचे सुटे भाग जोडायचा संच, ओळख परेडचे पाच फोटो, व्हिडिओसाठी क्यूआर कोड आणि शिक्षकांसाठी बत्तीस पानांची पुस्तिका. झाकणावर ‘न्यायवैद्यक’ छापलंय. न्यायवैद्यक म्हणजे शवविच्छेदन, जखमा, विषबाधा यांचं शास्त्र. पेटीत आहे ते न्यायसहायक विज्ञान. फरक शब्दाचा दिसतो, पण पुस्तिकेच्या भाषांतरावर किती मेहनत घेतली असेल याचा अंदाज तिथेच येतो.

थोडक्यात मत असं, की दृष्टिभ्रमाची कार्डं चांगली आहेत, भिंगं टाकाऊ आहेत आणि बाकीचं बरंचसं सामान पुस्तिका बाजूला ठेवून वापरलं तर कामाचं आहे.

रक्ताच्या कार्डापासूनच सुरुवात करू. त्या कार्डाबरोबर लाल द्रवाची एक छोटी बाटली येते. कापडावर टाकायचं आणि मुलांनी ‘सापडलं!’ म्हणायचं. यात निरीक्षण कुठेच नाही. त्याऐवजी पांढऱ्या सुती कापडाचे १० × १० सेंटिमीटरचे सहा तुकडे घ्यावेत, प्रत्येकावर ड्रॉपरने पाच थेंब टाकावेत : आळता, बिटाचा रस, पाण्यात कालवलेलं कुंकू, टोमॅटो सॉस, गंजाचं पाणी आणि पानाची पिंक. पिंक म्हणजे कुणी थुंकलेली नव्हे. विड्याचं पान, काथ आणि चिमूटभर चुना खलबत्त्यात कुटून पाणी घालून गाळायचं. जिन्याचे कोपरे पाहत वाढलेल्या मुंबईकर मुलांना हा डाग चटकन ओळखू येईल अशी त्यांची खात्री असते, म्हणूनच तो ठेवायचा. तुकड्यांवर फक्त १ ते ६ आकडे. खरं रक्त नको, मटणाच्या दुकानातून आणलेलंही नको.

कागदावर तीन रकाने आखून द्यायचे : ‘दिसलं’, ‘वाटलं’, ‘कशावरून’. पहिल्या रकान्यात पदार्थाचं नाव लिहायला सक्त मनाई. रंग, कडा धारदार की पसरट, मधोमध गडद की कडेला, कापड कडक झालंय का, उलट्या बाजूला किती उतरलंय, डागाचा व्यास मिलिमीटरमध्ये किती. वास घ्यायचा नाही, बोट लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी तेच तुकडे पुन्हा. बीट तपकिरीकडे झुकतं, सॉसचा पापुद्रा धरतो, आळता जवळजवळ तसाच राहतो. मग कुंकवावर लिंबाचे दोन थेंब. हळद-चुन्याचं कुंकू असेल तर पिवळं पडतं, बाजारातलं रासायनिक रंगाचं असेल तर ढिम्म हलत नाही. कुंकू म्हणजे कुंकू, असं ज्यांनी ‘वाटलं’मध्ये लिहिलं असेल त्यांना दोन कुंकवं वेगळी निघाल्यावर ‘कशावरून’ या रकान्याची किंमत कळते. पावसाळ्यात हा प्रयोग बिघडतो तो एकाच कारणाने. हवेतल्या दमटपणामुळे कापड लवकर वाळत नाही आणि सगळ्याच कडा पसरट होतात. जून ते सप्टेंबर थेंब दोनच टाका आणि तुकडे पंख्याखाली वाळवा.

‘बघा आणि आठवा’ म्हणजे स्काउटमधला किमचा खेळ. चोवीस वस्तू, एक मिनिट, झाका, लिहा. पेटीने खऱ्या वस्तूंऐवजी छापील चित्रं दिली आहेत आणि इथेच खेळाचा जीव जातो. चित्रातली चावी ही फक्त ‘चावी’ असते. खरी चावी पितळी असते, तिच्यावर आकडा कोरलेला असतो, तिचे दात झिजलेले असतात. चित्रं पाहून मुलं नावांची यादी पाठ करतात. ‘कापणाऱ्या वस्तू, लिहिण्याच्या वस्तू’ असे गट पाडायची युक्ती सापडली की दुसऱ्या फेरीला गुण वाढतात आणि निरीक्षण सुधारलं असा शिक्षकांचा समज होतो. सुधारलेलं असतं पाठांतर.

स्टीलच्या ताटात पंधराच खऱ्या वस्तू ठेवा. तारीख दिसेल असं लोकलचं जुनं तिकीट, चार भोकांचं बटण (दोरा फुलीचा की दोन समांतर रेघांचा?), टोपण उलट्या बाजूला लावलेलं पेन, तीन नाणी त्यातलं एक पालथं, अर्धी जळलेली मेणबत्ती, काटे बंद पडलेलं घड्याळ. वेळ ६० सेकंद. झाकल्यावर नावं विचारायचीच नाहीत. घड्याळात किती वाजले होते? पालथं नाणं कितीचं? मेणबत्तीची वात कुठल्या बाजूला वाकली होती? दुसऱ्या फेरीत एक वस्तू काढा, एक फिरवून ठेवा. काढलेली वस्तू बहुतेकांना कळते, फिरवलेली फार थोड्यांना. आणि एकच ताट ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही तुकड्यांना वापरू नका, मधल्या सुट्टीत सगळी उत्तरं फुटतात.

याला जोडून जागेची झडती घेता येते. पेटीत त्यासाठी काही नाही, पण लागतंही काही नाही : सुतळी आणि खडू. चार बाकं जोडून त्यावर वीस बारीकसारीक गोष्टी विखुरायच्या. एका गटाने पट्ट्या-पट्ट्यांनी शोधायचं, दुसऱ्याने चौकटी पाडून, तिसऱ्याने गोगलगायीसारखं बाहेरून आत, चौथ्याने मनाला येईल तसं. पंचनाम्याप्रमाणे आधी चतुःसीमा लिहायची, पूर्वेस फळा, पश्चिमेस खिडकी वगैरे, आणि प्रत्येक वस्तूचं अंतर दोन पक्क्या बिंदूंपासून मोजायचं. एकाच बिंदूपासून मोजलं तर वस्तू त्या अंतराच्या वर्तुळावर कुठेही असू शकते, हे कंपास घेऊन कागदावर काढून दाखवलं की भूमितीच्या तासाचंही काम होतं. पंखा बंद ठेवा, नाहीतर केस आणि धागे शेजारच्या वर्गात सापडतील.

आता भिंगं. दांड्यावर ‘१० पट’ छापलंय. तपासणं सोपं आहे आणि दहावीच्या पुस्तकात भिंगांचा धडा आहेच. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरायचं, खिडकीबाहेरच्या लांबच्या इमारतीची उलटी प्रतिमा भिंतीवर स्पष्ट पडेपर्यंत पुढेमागे करायचं आणि भिंग ते भिंत अंतर मोजायचं. ते झालं नाभीय अंतर. २५ ला त्या सेंटिमीटरने भागलं की साधारण किती पट मोठं दिसेल ते कळतं. दहा पटीच्या भिंगाची प्रतिमा अडीच सेंटिमीटरवर पडायला हवी. पेटीतल्या भिंगाची पडते १२ सेंटिमीटरवर. म्हणजे दोन पट. वर्तमानपत्र वाचायला आजोबांना द्या. फसव्या दाव्याची तपासणी म्हणून मात्र हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा, फॉरेन्सिकचा याहून चांगला पहिला धडा नाही.

खऱ्या कामाला कापडबाजारात धागे मोजायला वापरतात ते घडीचं पिक ग्लास घ्या किंवा घड्याळजीचं आयग्लास. पिक ग्लास स्वतःच्या पायावर उभं राहतं, त्यामुळे अंतर आपोआप बरोबर येतं आणि हात थरथरला तरी चालतं. आयग्लास वापरताना मुलं एक चूक हटकून करतात : चित्रातल्या गुप्तहेरासारखं हात लांब करून धरतात. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वस्तू वर आणायची, दृश्य एकदम मोठं आणि रुंद होतं. धाग्यांच्या आणखी आत शिरायचं असेल तर फोल्डस्कोप हा कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक आहे. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये जगापुढे ठेवलेला, सुमारे १४० पट दाखवणारा. त्यात सुती तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो, पॉलिएस्टर काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत, लोकर खवल्यांची. पण पहिला अख्खा तास घडी घालण्यात आणि फोकस सापडण्यात जातो हे धरूनच नियोजन करा.

दृष्टिभ्रमाची बारा कार्डं ही पेटीतली सगळ्यात जमलेली गोष्ट, अर्थात छपाईच्या दोन-तीन चुका सुधारल्यावर. अंधबिंदूच्या (डोळ्यातल्या जिथलं काहीच दिसत नाही त्या जागेच्या) कार्डावर फुली आणि टिपका यांत चारच सेंटिमीटर अंतर आहे. अंधबिंदू नजरेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला साधारण १५ अंशांवर असतो, म्हणजे हे कार्ड डोळ्यापासून १५ सेंटिमीटरवर धरावं लागतं आणि इतकं जवळ धरून नजर फुलीवर स्थिर ठेवणं मुलांना जमत नाही. पुस्तिका ‘हात लांब करा’ म्हणते, त्यामुळे टिपका गायब होत नाही आणि निम्मा वर्ग ‘बाई, आम्हाला दिसतोय’ म्हणतो. नवीन कार्ड करा : अंतर ८ सेंटिमीटर, डोळ्यापासून ३० सेंटिमीटर, डावा डोळा झाकलेला, फुली डावीकडे, टिपका उजवीकडे. मग टिपक्यातून एक आडवी रेघ ओढून पुन्हा बघायला लावा. टिपका जातो पण रेघ तुटत नाही, मेंदू ती जोडून टाकतो. साक्षीदार ‘मी पाहिलं’ म्हणून जे सांगतो त्यातली भर कशी पडते, याचं एवढं स्वस्त प्रात्यक्षिक दुसरं नाही.

बुद्धिबळाच्या पटावर सावली पडलेलं कार्ड (एडवर्ड अ‍ॅडल्सन यांचं १९९५ चं चित्र) चकचकीत लॅमिनेशनचं आहे. ट्यूबलाइटची तिरीप पडली की सगळी मजा संपते. खिडकीला पाठ करून दाखवा. दोन चौकोनांची राखाडी छटा एकच आहे हे पटवायला तोंडी सांगून उपयोग नाही. साध्या कागदाला दोन चौकोनी भोकं पाडून तो वर ठेवा. रंगांच्या नावांचं कार्ड, म्हणजे जॉन रिडली स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग (शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा), इंग्रजी शब्दांत आहे. मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजी वाचनाची गती कमी असेल तर शब्द रंगाच्या आड येतच नाही आणि मुलं न अडखळता रंग सांगतात. हिरव्या शाईत ‘लाल’, निळ्या शाईत ‘पिवळा’ असं देवनागरीत लिहिलं की अडखळायला लागतात. सेमी-इंग्रजीच्या वर्गात दोन्ही कार्डं वापरून सेकंद मोजले तर तो स्वतंत्र प्रयोगच होतो.

पुस्तिकेचं सगळ्यात मोठं अपयश याच प्रकरणात आहे. प्रत्येक कार्डाखाली एकच वाक्य : ‘आपले डोळे आपल्याला फसवतात!’ बरं मग? पुढे काय करायचं? मुलर-लायरच्या बाणांच्या दोन रेघा (एकीच्या टोकांचे बाण आत वळलेले, दुसरीचे बाहेर) पट्टीने मोजून सारख्या निघाल्या तरी पट्टी उचलल्याबरोबर पुन्हा लहान-मोठ्या दिसतात. सत्य कळल्याने डोळा सुधारत नाही. म्हणून घटनास्थळाच्या फोटोत पुराव्याशेजारी मोजपट्टी ठेवतात. हा दुवा पुस्तिकेत कुठेच नाही. कार्डं झाली की त्याच तासाला मोबाइलने एखाद्या चपलेचे चार फोटो काढून घ्या : लांबून परिसरासकट, मधल्या अंतरावरून, जवळून पट्टीशिवाय आणि जवळून पट्टीसह. पट्टी चपलेच्याच पातळीला हवी आणि कॅमेरा काटकोनात. तिरका धरला तर जवळचे सेंटिमीटर मोठे आणि लांबचे छोटे येतात, फोटोवरून मोजलेलं माप चुकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, त्यामुळे हा सराव हल्लीच्या काळाला धरूनही आहे.

क्यूआर कोडचा व्हिडिओ नव्वद सेकंदांचा, कुठल्याशा परदेशी मॉलमधल्या चोरीचा. चालतो, पण व्हिडिओ सुरू करतानाच ‘आता नीट बघा’ म्हटलं जातं आणि साक्षीदाराला असं कुणी बजावत नाही. वर्गातच २० ते २५ सेकंदांचा प्रसंग घडवा. अनोळखी माणूस आत येतो, टेबलावरची हजेरीची वही उचलतो, दुसरी ठेवतो, दोन शब्द बोलतो, जातो. मुख्याध्यापकांना आधी कळवलेलं असावं, धमकी, आरडाओरडा, शस्त्रासारखं काही नको आणि प्रसंग संपल्यावर मिनिटभरात तो ठरवून केला होता हे सांगायचं. मग पाच मिनिटं पूर्ण शांतता आणि लिहिणं.

ही शांतताच पाळली जात नाही आणि प्रयोग तिथेच फुकट जातो. २००३ मध्ये फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी जोडीतल्या दोघांना एकाच घटनेचे किंचित वेगळे व्हिडिओ दाखवले, ते आपापसात बोलले आणि त्यातल्या ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, जोडीदाराकडून ऐकलेली गोष्ट ‘पाहिली’ म्हणून नोंदवली. पुस्तिका मात्र सांगते, ‘गटात चर्चा करून उत्तर लिहा.’ ती ओळ काट मारून टाका. आधी एकेकट्याने लिहायचं, कागद जमा करायचे, मग चर्चा, मग वेगळ्या रंगाच्या शाईने पुन्हा लिहायचं. दोन कागद शेजारी ठेवले की कुणाचं काय कुणाकडून आलं ते दिसतं. प्रसंग किती सेकंदांचा होता हेही विचारा. पंचवीस सेकंदांचे दीड-दोन मिनिटं झालेले दिसतील.

प्रश्नातला शब्द आठवण कशी वळवतो, यावर पेटीत काहीच नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग मराठीत फार छान होतो, कारण क्रियापदं आपल्याकडे भरपूर. गाड्यांच्या टकरीची दहा सेकंदांची चित्रफीत दाखवा (कुणाला इजा झालेली नको, खेळण्यातल्या गाड्याही चालतील). अर्ध्या वर्गाच्या चिठ्ठीवर : ‘गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली तेव्हा वेग किती होता?’ उरलेल्यांच्या : ‘गाडी दुसऱ्या गाडीला लागली तेव्हा वेग किती होता?’ मूळ प्रयोगात जोरकस क्रियापद ऐकलेल्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल वेग सांगितला, सगळ्यात सौम्य क्रियापदवाल्यांनी ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने ‘फुटलेली काच पाहिली का’ असं विचारलं. चित्रफितीत काच फुटलेली नव्हती. जोरकस क्रियापदाच्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, साध्या क्रियापदाच्या ५० पैकी ७. तुमच्या वर्गात पंचवीस-पंचवीस मुलांत फरक येईलच असं नाही. नाही आला तर आकडे ओढूनताणून बसवू नका, सगळे अंदाज फळ्यावर मांडा आणि नमुना लहान असला की काय होतं ते शिकवा. चिठ्ठ्या एकाच रंगाच्या कागदावर हव्यात आणि एका बाकावर एकच प्रकार.

गोरिलाचा प्रसिद्ध व्हिडिओ पुस्तिकेत सुचवला आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ च्या प्रयोगात जवळपास निम्म्या लोकांना चेंडूचे पास मोजताना मधून गेलेला गोरिला दिसला नव्हता. आज नववीच्या वर्गात तो दाखवला तर मागच्या बाकावरून ‘सर, माकड येणार’ असा पुकारा होतो. बदल हवा असेल तर फळ्यावरची तारीख तासाच्या मध्यात पुसून चुकीची लिहा किंवा बोलता बोलता घड्याळ डाव्या हातातून उजव्या हातात घाला, आणि शेवटी विचारा.

चेहऱ्याच्या सुट्या भागांच्या संचातली नाकं, केस, डोळे सगळे युरोपीय आहेत. सोनेरी कुरळे केस तीन प्रकारचे, तेल लावून चापून बसवलेले एकही नाहीत. यात अभिमानाचा मुद्दा नाही, उपयोगाचा आहे. रोज ज्या ठेवणीचे चेहरे पाहतो त्यातले बारकावे आपल्याला जास्त कळतात. शिवाय चेहरा आपण अखंड ओळखतो, सुट्या नाकावरून शेजारच्या काकांनाही ओळखणं कठीण. संच बाजूला ठेवा.

ओळख परेडच्या पाच फोटोंत संशयिताच्या मागची भिंत निळी, बाकी चौघांच्या मागची पांढरी! वास्तविक महाराष्ट्रात न्यायालयीन नियमावलीप्रमाणे एका संशयिताबरोबर परेडमध्ये साधारण सारख्या दिसणाऱ्या किमान सहा जणांना उभं करायचं असतं. निळ्या भिंतीची चूक मुलांना पकडायला लावा. ज्यांनी प्रसंग पाहिलाच नाही अशा दुसऱ्या वर्गातल्या दहा मुलांना फक्त वर्णन वाचून फोटो निवडायला सांगा. परेड धड असेल तर त्यांची मतं सगळ्या फोटोंवर विखुरतील. निळ्या भिंतीवाल्यावर दहापैकी आठ बोटं पडली तर दोष साक्षीदाराचा नाही. आणि फोटो दाखवणाऱ्याला संशयित कोण ते माहीत नसावं. माहीत असलं की नकळत त्याचा हात एका फोटोवर जरा जास्त रेंगाळतो.

बोटांच्या ठशांचं सामान बरं आहे. ब्रश मऊ आहे, पावडर बारीक. मुलांनी पावडर शिंपडायची आणि घासायचं असं सुरू केलं की ठसा जातो. चिमूटभर पावडर कागदावर, तिच्यात ब्रशचं टोक टेकवायचं, झटकायचं आणि स्टीलच्या डब्याच्या झाकणावर अलगद गोल फिरवायचं, रेषा दिसू लागल्या की रेषांच्या दिशेने. मुंबईच्या घामाने ठसा पसरतो, म्हणून हात पुसून, बोट नाकाच्या शेंड्याला लावून मग ठसा घ्या. चिकटपट्टी एका टोकाकडून दाबत न्या, बुडबुडा राहिला की तिथे भोक दिसतं. पुस्तिका ‘लूप, व्होर्ल, आर्च’ म्हणते, घरोघरी शंख आणि चक्र म्हणतात. शंख साधारण ६० ते ६५ टक्के, चक्र ३० ते ३५, कमानी पाचेक टक्के. जगातला पहिला ठसे विभाग १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाला आणि वर्गीकरणाचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केलं, ही माहितीही पुस्तिकेत असायला हरकत नव्हती.

पण ठसे जुळवण्याच्या कार्डावर आधी गोष्ट दिली आहे : अमक्यावर कर्ज होतं, त्याचं मालकाशी भांडण झालं होतं, आता त्याचा ठसा जुळतो का पाहा. हे घातक आहे. मार्च २००४ च्या माद्रिद बाँबस्फोटांनंतर एफबीआयच्या तज्ज्ञांनी एका पिशवीवरचा ठसा ओरेगनमधले वकील ब्रँडन मेफिल्ड यांचा असल्याचं ठरवलं, त्यांना अटक झाली. तो ठसा अल्जीरियाच्या एका माणसाचा निघाला. २००६ मध्ये इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांनी पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनीच काही वर्षांपूर्वी ‘जुळतो’ म्हटलेले ठसे पुन्हा दिले, मात्र हे मेफिल्ड प्रकरणातले चुकीचे ठसे असल्याचं सांगून. पाचपैकी चौघांनी मत बदललं. तेव्हा कार्डं कापून गोष्ट वेगळी करा. अर्ध्या वर्गाला गोष्टीसकट, अर्ध्याला गोष्टीशिवाय तोच अस्पष्ट ठसा द्या आणि ‘जुळतो, जुळत नाही, सांगता येत नाही’ असे तीन पर्याय ठेवा. तिसरा पर्याय पेटीत दिलेलाच नाही.

जांभळी बॅटरी ३९५ नॅनोमीटरची आहे, तिचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की बारीक चमक त्यात बुडते. नोटेवरचा नंबर आणि कागदातले तंतू दाखवायला पुरेशी. तिच्याखाली रक्त चमकतं असं पुस्तिकेत लिहिलंय ते चूक आहे, रक्त उलट काळपट दिसतं. चमकतो तो धुण्याच्या पावडरीतला उजळवणारा पदार्थ, म्हणजे धुतलेला गणवेश. डोळ्यांत मारू देऊ नका. प्लास्टरची पुडी २५० ग्रॅमची. मोठ्या बुटाच्या एका ठशाला किलोभर प्लास्टर आणि वजनाने त्याच्या निम्मं पाणी लागतं, त्यामुळे ती वाटीच्या ठशापुरती. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतलं तर शाळेला प्लंबर बोलवावा लागेल.

एका पेटीवर सहा मुलं काम करू शकतात. पन्नास-साठच्या वर्गाला एकच पेटी घेऊन उपयोग नाही आणि दहा घेणं परवडणार नाही. त्यापेक्षा एक पेटी घ्यावी ती कार्डांसाठी, त्यांच्या छायाप्रती साध्या, चमक नसलेल्या कागदावर काढाव्यात आणि बाकी सामान सुटं घ्यावं. ड्रॉपर, काचपट्ट्या, गाळणकागद प्रिन्सेस स्ट्रीटला विज्ञान साहित्याच्या दुकानांत मिळतात, शाळेच्या पत्रावर मागितले तर बिलही नीट मिळतं. ३५ मिनिटांच्या तासात डागांचा प्रयोग पहिल्या दिवशी पूर्ण होतो, वर्गातला प्रसंग आणि दोन्ही वेळचं लिहिणं होतं, परेड होत नाही. तिला जोडतास घ्या.

पावडरचा डबा पावसाळ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट घट्ट बंद ठेवला नाही तर ऑगस्टपर्यंत गुठळ्या होतात. विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारून घ्या की पावडर, चिकटपट्टी आणि पांढरी कार्डं सुटी मिळतात का. या पेटीची मिळत नाहीत, आणि पावडर दोन वर्गांतच संपते.